पुस्तकातली वाट

गोव्यातून उठून सह्याद्रीत भटकायला जायचे तर वाटाड्या कुठून आणायचा? आमच्या पिढीपुरते या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांनी दिले. हरीश कापडियांचे इंग्रजी 'ट्रेक द सह्याद्रीज', आनंद पाळंदे यांचे मराठी 'डोंगरयात्रा' अशी पुस्तके हाती आली आणि आपले आपण गडावर जाता येते, हा धीर आला.

असेच एक पुस्तक घेऊन आम्ही दोघे एका श्रावणात हरिश्चंद्रगडाला निघालो. सोबती बिदर जिल्ह्यातल्या मेहकरचा, भालकी तालुक्यातला. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि डोंगराशी काडीचाही संबंध नाही.

खिरेश्वराहून निघून तोलार खिंडीतले व्याघ्रशिल्प पाहिले, रेलिंग धरून कातळ चढलो. इथवर पुस्तक आणि जमीन जुळत होती. माथ्यावर धुके उतरले. पुढे देवळापर्यंत टेकड्या, झाडी आणि फुटत गेलेल्या वाटा. दिसेल ती टेकडी मला पुस्तकातलीच वाटू लागली. शेवटी वाट कारवीत शिरली आणि संपली. पुढे काही दिसेना. खालून पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"शेण बघ," सोबती म्हणाला. "मघापासून नुसतं शेणच आहे, माणसाची खूण एक नाही. ही ढोरवाट आहे. पुस्तक मिट आता. शेवटची खात्रीची जागा कुठली?"

रेलिंगचा कातळ. तिथवर मागे फिरणे माझ्या जिवावर आले होते. तो वळला, म्हणून मीही वळलो.

कातळापाशी एक गुराखी मामा भेटले. "पाव्हणं, धुकं हाय तवर बसा की," म्हणाले. धुके विरळल्यावर त्यांनी दगडावर दगड ठेवलेल्या खुणा दाखवल्या. मी त्यांच्या शेजारूनच गेलो होतो, पुस्तकात डोके घालून. संध्याकाळी हरिश्चंद्रेश्वराच्या देवळात पोचलो.

चूक पुस्तकाची नव्हती. लिहिणारेही कधी चुकले असतील, परतले असतील, अशाच मामांना विचारत गेले असतील. छापताना तेवढी बरोबर वाट उरते. आज मोबाईलवर दिसणारी रेषाही तशीच.

आमच्या सत्तरीच्या रानात अनोळखी माणूस दिसला की म्हातारे विचारतात, "खंय वता?" पूर्वी मला ती नसती चौकशी वाटे. आता मी थांबतो, आणि कुठे जायचे ते नीट सांगतो.