जाड्याला घाम, बारक्याला ताप

मी गाड्यांचे एसी दुरुस्त करायला शिकतोय हे आबांना कळलं तेव्हा ते जेवायला बसले होते. हातातला घास तसाच धरून म्हणाले, "लोणावळ्यात गारवा इकणार व्हय रं?" आई हसली, बहीण हसली, शेवटी मीही हसलो. त्यांचं चुकत नव्हतं. जो गारवा घ्यायला मुंबईची माणसं घाट चढून येतात तो आमच्या अंगणात फुकट. पावसाळ्यात तर गोधडीला बुरशी धरते आणि चूल पेटायला आधी काडेपेटी उबेला ठेवावी लागते. अशा गावात एसीचा मिस्त्री म्हणजे समुद्रकाठी मीठ विकणारा.

आबांची टॅक्सी होती, प्रीमियर पद्मिनी. स्टेशनवरून कार्ला, भाजे, भुशी धरण, कधी मुंबईचं लांबचं भाडं. त्या गाडीतला एसी म्हणजे पुढच्या दारातली छोटी तिकोनी काच. ती आत फिरवली की वारा थेट छातीवर. घाट चढताना माणसांचं नाही, इंजिनाचं डोकं आधी तापायचं. मग शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडून वाफ जाऊ द्यायची, ओलं पोतं रेडिएटरच्या झाकणावर टाकून ते हळूच फिरवायचं आणि कॅनमधलं पाणी ओतायचं. ज्या धनगराने इंग्रजांना बोरघाटाची वाट दाखवली म्हणतात, त्याचं ते देऊळ. आबा नाणं टाकायचे, हात जोडायचे आणि गाडीला म्हणायचे, "चल बाई." गार ठेवणं ही चैन नसते, हे मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं असणार, पण तेव्हा लक्ष सगळं वडापाववर.

नव्वदच्या दशकात मारुती ८०० दिसू लागल्या, त्यांतल्या काही एसीवाल्या. इंजिन ७९६ सीसीचं, त्यात चार माणसं, डिकीत बॅगा, वर कॉम्प्रेसरचं ओझं. खोपोली सोडली की गाडीतलं कोणीतरी म्हणायचंच, "एसी बंद कर, चढत नाहीये." वर पोहोचल्यावर एसी चालू करावा तर गार हवा नाही. अशा गाड्या जुन्या हायवेवरच्या ज्या गॅरेजात यायच्या, तिथं मी लागलो.

उस्ताद कुर्ल्याहून आलेले. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला पाना धरू दिला नाही. एसी चालू करायचा आणि बॉनेटखालच्या दोन पाइपांना हात लावून उभं राहायचं, एवढंच काम. जाडा पाइप आतल्या कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येतो, तो गारच लागला पाहिजे. बारीक पाइप कंडेन्सरकडून आत जातो, तो गरम. "जाड्याला घाम, बारक्याला ताप," उस्ताद म्हणायचे, "मग पेशंट ठणठणीत." दोन्ही सारखेच लागले तर गॅस तरी गेलाय नाहीतर कॉम्प्रेसर दाबच देत नाहीये. बारीक पाइप मधूनच एका जागी गार लागला तर तिथं तुंबलंय. मीटर नंतर जोडायचा. आजही मी आधी हात लावतो आणि मग निळ्या-लाल घड्याळांकडे बघतो. घड्याळं आकडा सांगतात, कुठं ते हाताला कळतं.

या घड्याळांनी एकदा आम्हाला आठवडाभर नाचवलं. गॅस भरण्याआधी पंप लावून सगळी हवा खेचून काढतात. हवेपेक्षा तिच्यातलं पाणी काढणं महत्त्वाचं. दाब उतरला की पाणी नुसत्या खोलीच्या उबेवर उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. नवा पंप आणला, तर व्हॅक्यूमचा काटा २८ इंचांच्या अलीकडेच थांबायचा. कुर्ल्याला तो जवळजवळ ३० ला टेकायचा. उस्तादांनी पंप दोनदा खोलला, दुकानदाराला फोनवर शिव्या घातल्या. आयएनएस शिवाजीत शिकवणारे एक गृहस्थ गाडी घेऊन आले होते, ते बाकावर बसून हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "अहो, लोणावळा ६०० मीटरच्या वर आहे. इथं हवाच विरळ. जेवढी आहे तेवढीच निघणार ना?" उस्ताद काही बोलले नाहीत. सगळ्यांना चहा मागवला, दुकानदाराला मात्र फोन केला नाही. इथल्या ओलीमुळे एक बदल त्यांनी केला: पावसाळ्यात पंप पाऊण तास चालवायचा, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

'गॅस संपलाय, भरून द्या' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याला हिशेब नाही. गॅस काही पेट्रोल नव्हे, तो जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो, आत उष्णता उचलतो, बाहेर टाकतो. जुन्या नळ्या-सीलांतून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, ते सोडा. पण दर उन्हाळ्याला भरावा लागतो म्हणजे तो कुठून तरी जातोय. ते शोधायला साबणाचा फेस, नायट्रोजनचा दाब आणि निम्मा दिवस लागतो. नुसता भरायला वीस मिनिटं. धंदा कशात आहे ते सांगायला नको.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. सुरुवातीच्या गाड्यांत आर-१२ असायचा. काम करायचं म्हटलं की नळी सैल करून उरलेला गॅस फुस्सकन हवेत सोडून द्यायचा, ही आमची रीत. तो आवाज मला आवडायचा. त्या गॅसने ओझोनचा थर विरतो म्हणून १९८७ साली माँट्रियलला करार झाला होता आणि १९९२ मध्ये भारतही त्यात आला होता, हे आमच्या गॅरेजपर्यंत यायला बरीच वर्षं गेली. मग आर-१३४ए आला, आकाशी रंगाच्या सिलिंडरात. तो ओझोनला हात लावत नाही, पण हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून भारी. आता मशीन लावून गॅस परत काढून घेतो. आधीचा जो सोडला तो वरच आहे.

मध्यंतरी पुण्याचं एक जोडपं आलं. घाटात, गाड्यांच्या रांगेत एसी मरतो आणि माझ्या दारात येईपर्यंत जिवंत होतो. दाताच्या डॉक्टरकडे जाताना दात दुखायचा थांबतो, त्यातला प्रकार. मोठ्या वर्कशॉपने कॉम्प्रेसर बदलायला सांगितला होता. मी गाडी उभ्या उभ्या पाऊण तास चालवली. पंखा फिरत होता, दाब बरोबर होता आणि मग कॉम्प्रेसरचा 'टक्' आवाज यायचा बंद झाला. वायरीत करंट होता, कॉम्प्रेसरच्या चुंबकी क्लचची चकती मात्र ओढली जात नव्हती. क्लचची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. घासून घासून ती दुप्पट झाली होती. तापलं की चुंबकाची ओढ कमी पडते, गार झालं की पुन्हा पुरते. आतली एक पातळ चकती काढली, फट जुळली. बाईंनी ती चकती मागून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. कुणाला दाखवायची होती ते विचारलं नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीने रस्ता सुनसान असताना घाटातला अमृतांजन पूल पाडला. त्यानंतर बंगल्यांतून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या आल्या. तेल न फिरल्याने सील सुकलेले, आणि एकीच्या ब्लोअरमध्ये उंदराचं घर: भाताचा पेंढा, त्याला अस्तर चिक्कीच्या कागदाचं. नीट, मऊ बांधलेलं. काढताना जिवावर आलं.

आबा शेवटपर्यंत एसीच्या विरोधात. एका जुलैत खोपोलीचं लग्न उरकून आम्ही दोघं रात्री घाट चढत होतो. बाहेर धुकं, पाऊस, आणि आतून काच पांढरी. आबांनी सवयीने फडकं काढलं, पुसू लागले. पुसलं की पुन्हा धरायचं. मी एसी चालू केला. "पावसात? डोकं फिरलं का तुझं?" काच खालच्या कडेपासून वर मोकळी होत गेली, आडवी रेघ सरकल्यासारखी. आबा फडकं मांडीवर ठेवून बघत राहिले. बॅटरी हिलपर्यंत एक शब्द नाही.

घरी पत्र्याखाली गाडी लावली, तर खालून थेंब टपकत होते. आबा वाकले, थेंब बोटावर घेतला, हुंगला. जन्मभर गाड्या चालवलेला माणूस, तेल की पेट्रोल की रेडिएटर ते वासावरून ओळखणार.

"पाणीच हाय."

"मघाशी काचेवर धरत होतं ना, तेच."

आबांनी बोट धोतराला पुसलं. मग म्हणाले, "उघड जरा बॉनेट. जाडा पाइप कंचा त्यातला?"