पर्सची चेन

चेन तुटली म्हणून काल पर्स भाईंदर पश्चिमेला दुरुस्तीला टाकली. रिकामी करताना तळाशी तो घडीचा चाकू निघाला. 2013 चा. दिल्लीतल्या त्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर जानेवारीत मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले होते, 3 इंची पात्याचे. माझा मात्र विकतचा. दुकानात पातं उघडून बघताना उगीच लाज वाटली होती, जणू भाजी सोडून दुसरंच काही चिरायचा विचार चेहऱ्यावर दिसत होता. शस्त्र कायद्यातला परवान्याचा प्रश्न 9 इंचांच्या पुढे येतो, असं नवऱ्याने ऐकवलं. घाबरलेल्या माणसाला इंच कुठे सुचतात?

रात्रीच्या लोकलला, दहिसरनंतर डबा रिकामा झाला की पर्समध्ये हात घालून बसायचे. बोटांना आधी किल्ल्या लागायच्या, मग टिकल्यांचं पाकीट, मग तो. उघडायला दोन्ही हात लागतात, हे फार उशिरा लक्षात आलं.

पात्याच्या खाचेत पेरूची वाळकी बी अडकलीय. कधीतरी डब्यात कुणाला फोड कापून दिली असेन. चेहरा आठवत नाही.

पर्स उद्या मिळेल. चाकू सध्या टीव्हीजवळ, चष्म्याशेजारी पडलाय.