रुमालाची सनद

प्रवासाचा लेख म्हटला कीं काश्मीरचे केशरमळे नाहीं तर रामेश्वराचा सेतु वाचकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आज आम्ही वाचकांस बोरिवलीच्या फलाटाहून फार दूर नेणार नाहीं. फार तर अंधेरीपर्यंत, आणि तेथून थोडें आकाशांत. परंतु तेवढ्या टापूंत जें पाहावयास मिळतें तें धर्मशास्त्राच्या एखाद्या प्रकरणास सहज पुरेल.

सकाळीं आठाचा सुमार. चर्चगेटहून आलेली गाडी बोरिवलीस येऊन पुन्हां चर्चगेटास परत जावयाची असते. ती फलाटास लागते न लागते तोंच, चाकें अजून फिरत असतांना, दाराच्या दांडीस धरून पांचपंचवीस तरुण आंत उड्या घेतात. ज्यांच्यानें उडी घेववत नाहीं ते खिडकीच्या गजांतून हात घालून बाकावर रुमाल टाकतात. कोणी वर्तमानपत्राची घडी टाकतो, कोणी छत्री, कोणी जेवणाचा डबा. गाडी थांबेपर्यंत बाक रिकामें असूनहि भरलेलें असतें. मागाहून आलेला मनुष्य त्या रुमालाकडे पाहतो, एक निःश्वास सोडतो आणि पुढच्या बाकाकडे वळतो. रुमालास कोणी हात लावीत नाहीं. वीतभर कापडाला एवढी सनद कोणीं दिली, हा प्रश्न आमच्या मनांत पुष्कळ वर्षें घोळत आहे.

बोरिवलीस हा मान मिळून आतां बराच काळ लोटला. १९२८ सालच्या जानेवारींत बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची विजेची गाडी कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत धांवूं लागली, आणि बोरिवली हें त्या मार्गावरचें शेवटचें ठाणें झालें. पुढें विजेच्या तारा विरारपर्यंत व त्याहिपलीकडे गेल्या, तरी बोरिवलीहून सुटणाऱ्या गाड्या अद्यापि पुष्कळ आहेत. जेथून गाडी सुटते तेथील रहिवाशास बसावयास मिळावें, असा एक भोळा समज आहे. प्रत्यक्षांत कांदिवली-मालाडचे चतुर गृहस्थ उलट दिशेनें आधींच त्या गाडींत चढतात, बोरिवलीस येतात आणि न उतरतां तसेच परत जातात. ह्यास 'रिटर्न' म्हणतात. बोरिवलीकर जीव मुठींत धरून दारांत उडी घेतो, तों आंत मालाडकर खिडकीशीं डोळे मिटून बसलेला! मग दोघांत जो संवाद होतो तो ह्या मासिकांत छापण्याजोगा नसतो. आमचें स्वतःचें मत मालाडकराच्या बाजूचें आहे. अर्धा तास आधीं घर सोडून त्यानें ती जागा वेळेच्या मोलानें विकत घेतलेली असते.

खिडकी कोणती धरावी ह्याचेंहि एक शास्त्र आहे. सकाळीं गाडी दक्षिणेस जाते तेव्हां ऊन डाव्या हातास पडतें. संध्याकाळीं ती उत्तरेस येते तेव्हां सूर्य पश्चिमेस असल्यामुळें ऊन पुन्हां डाव्याच हातास. तेव्हां जाणता उतारू दोन्ही वेळां उजवी बाजू धरतो. नवख्यास हें समजावयास एक उन्हाळा लागतो.

बाक तिघांचें असतें. परंतु चवथा येऊन 'जरा सरका' म्हणाला कीं तिघांनीं सरकावें, हा उपनगरांतला शिष्टाचार आहे. ह्या चवथ्याचें अर्धें अंग बाकावर व अर्धें अंग अधांतरीं असतें, तरी तो बसलेल्यांत गणला जातो. रोज एकाच गाडीच्या एकाच डब्यांत बसणाऱ्यांची मंडळी बनते. त्यांच्यांत पत्त्यांचा डाव होतो, भजन होतें, दसऱ्यास डब्याची पूजा होते, मुलींचीं स्थळेंहि सुचविलीं जातात. मुंबईच्या उपनगरांत शेजारी जेवढा परका तेवढा गाडींतला सोबती जवळचा, असें म्हणण्यास हरकत नाहीं. ह्या मंडळीचा पहिला नियम असा कीं जो आधीं पोंचेल त्यानें बाकीच्यांसाठीं जागा धरावी.

आम्हीहि अनेक वर्षें अशा एका मंडळींत होतों. आमचे एक स्नेही पूल ओलांडून येत. त्यांस नेहमींच उशीर होई. त्यांच्या जागेवर पिशवी ठेवण्याचें काम आमचें. एके सकाळीं पायास पट्टी बांधलेले एक मध्यमवयीन गृहस्थ लंगडत आले व पिशवीकडे बोट दाखवून विचारते झाले, "ही जागा रिकामी आहे काय?" आम्हीं संवयीनें उत्तर दिलें, "येणार आहेत." गृहस्थ कांहीं न बोलतां उभे राहिले. गाडी सुटली. स्नेही त्या दिवशीं आलेच नाहींत. पिशवी उचलली गेली; परंतु चवथ्या जागेवर बसलेले आमचेच एक सोबती आंत सरकले, आणि त्यांच्या जागीं मंडळींतलेच आणखी एक टेकले. गाडी जलद होती. मधलीं स्थानकें सोडून ती थेट अंधेरीस थांबली. तोंपर्यंत ते गृहस्थ एका पायावर भार देऊन वरच्या कडीस लोंबकळत होते. अंधेरीस आम्ही उठलों व त्यांस बसावयास सांगितलें. ते म्हणाले, "राहूं द्या. तुमचे कोणी येणार असतील." त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता; असता तर बरें झालें असतें.

कायद्यानें पाहूं गेल्यास आमच्या पिशवीस कांहींच आधार नव्हता. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १५५ व्या कलमांत असें आहे कीं, राखून न ठेवलेल्या डब्यांत रीतसर शिरणाऱ्या उतारूस जो दुसरा उतारू अडवील त्यास दोनशें रुपयांपर्यंत दंड व्हावा. रुमालाचा किंवा पिशवीचा त्यांत उल्लेख नाहीं. तरीहि तो पट्टीवाला गृहस्थ शिपायास बोलावीत नाहीं, पिशवी भिरकावून देत नाहीं. कारण उद्यां त्यासहि कोठेंतरी पिशवी ठेवावयाची असते. रुमालाची सनद उभे राहणाऱ्यांच्या संमतीवर चालते, बसणाऱ्यांच्या बळावर नव्हे.

बायकांच्या डब्याची रीत आम्हांस घरांतील मंडळींकडून कळली, आणि ती ऐकून आम्ही थक्क झालों. तेथें रिकाम्या जागेवर रुमाल टाकण्यापुरतेंच काम भागत नाहीं. भरलेली जागाहि धरून ठेवतां येते. उभी असलेली बाई बसलेलीस विचारते, "कोठें उतरणार?" ती म्हणते, "अंधेरी." "मग ही जागा माझी हं." "नाहीं हो, ह्यांनीं आधींच विचारलें आहे." "बरें, मग ह्या कोठें उतरणार?" "दादर." "मग दादरपासून माझी." अशा रीतीनें एका जागेचे तीन तीन वारस गाडी बोरिवली सोडते न सोडते तोंच ठरून जातात. हा करार तोंडी असतो, साक्षीदार अनोळखी असतात, तरी तो सहसा मोडत नाहीं. मोडल्यास सबंध डबा न्यायाधीश होतो. धर्मशास्त्र जाणणाऱ्या वाचकांस ह्यांत एक गंमत दिसेल. पुरुषांच्या डब्यांत जागेचा धनी उठला म्हणजेच दुसऱ्याचा हक्क उत्पन्न होतो, आणि तो बहुधा दोन बाकांच्या मध्यें उभा असलेल्यास मिळतो. हा दायभाग झाला. बायकांच्या डब्यांत धनी जागेवर असतांनाच वारसाचा हक्क जडतो; ही शुद्ध मिताक्षरा! १९९२ च्या मे महिन्याच्या ५ तारखेस चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठीं पहिली खास गाडी सुरू झाली. तेव्हांपासून ह्या मिताक्षरेस एक अख्खी गाडी मिळाली आहे.

मध्य रेल्वेकडील कथा थोडक्यांत सांगतां येईल. मुलुंड हें मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींतलें त्या बाजूचें शेवटचें स्थानक. तेथें येणाऱ्या गाड्या कल्याण-ठाण्याकडून भरूनच येतात. म्हणून कित्येक मुलुंडकर उलटे ठाण्यास जातात व तेथून सुटणाऱ्या गाडींत जागा धरतात. घाटकोपरास २०१४ च्या जूनपासून वर्सोव्याहून अंधेरीमार्गें येणारी मेट्रो मिळाली. सव्वाअकरा किलोमीटरांहून थोडा अधिक असा तो मार्ग, आणि बसावयाच्या जागा भिंतीलगत, एका ओळींत. तेथें रुमाल टाकलेला आम्हीं क्वचितच पाहिला. समोरासमोर बाकें नाहींत, आणि मंडळी जमावी एवढा वेळहि नाहीं.

आतां अंधेरीस येऊं. अंधेरीच्या एका अंगास सहारचा विमानतळ आहे, दुसऱ्या अंगास जुहूची जुनी धांवपट्टी. १९३२ च्या ऑक्टोबरच्या १५ तारखेस जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन ह्याच जुहूस उतरले. त्या लहानग्या विमानांत थैल्या होत्या, उतारू नव्हता. तेव्हां जागेचा तंटा झाला नाहीं. तो झाला पुढें सत्तर वर्षांनीं. २००३ सालीं कॅप्टन गोपीनाथ ह्यांनीं एअर डेक्कन ही स्वस्त विमानकंपनी काढली. तिच्या तिकिटावर आसनाचा आंकडा नसे. जो आधीं चढेल त्यानें वाटेल तेथें बसावें. ह्यामागें हिशेब होता. आंकडा शोधीत उतारू अडखळत नाहींत, विमान लवकर भरतें, आणि जमिनीवर उभें असलेलें विमान कांहीं कमावीत नाहीं. अमेरिकेंत साउथवेस्ट कंपनीनें १९७१ पासून हीच रीत चालविली होती. परंतु ज्या मुंबईकरानें गाडींत रुमाल टाकण्यांत जन्म घालविला त्यास विमानांत आंकड्यावांचून सोडणें म्हणजे काय, ह्याची अमेरिकेस कल्पना नसावी.

२००५ सालीं आम्ही एका लग्नास अशाच रीतीच्या विमानानें दक्षिणेकडे निघालों. आम्ही दोघे बंधु, कुटुंबें, मुलें मिळून सात माणसें. वडील वहिनींच्या गुडघ्यांस दुखणें असल्यामुळें त्या सर्वांच्या मागें. धाकट्या बंधूंचे चिरंजीव सर्वांच्या पुढें. बसमधून उतरतांच त्यानें जिना गांठला, आणि आम्ही आंत पोंचेपर्यंत पुढच्या दोन ओळींत वहिनींची शाल, पाण्याची बाटली, लाडवांचा डबा असे सर्व टाकून तो मध्यें उभा होता. इतक्यांत एक तरुण बाई, काखेंत तान्हें मूल व मागें वृद्ध वडील, अशी तेथें आली. तिला दोन लगतच्या जागा हव्या होत्या. पुतण्या म्हणाला, "ह्या जागा घेतलेल्या आहेत." बाई गोंधळून पाहूं लागली. तोंच वहिनी पोंचल्या.

"कोणीं घेतल्या रे?"

"आपण, काकू. तुमच्यासाठींच तर धांवलों."

वहिनींनीं शाल उचलली, तिची नीट घडी केली आणि त्या बाईस म्हणाल्या, "बैस बाई. बाबांना खिडकीशीं बसव." मग स्वतः हळू हळू चालत अगदीं शेवटच्या ओळींत दोन अनोळखी गृहस्थांच्या मध्यें जाऊन बसल्या. पुतण्या प्रवासभर कोणाशीं बोलला नाहीं.

लग्नघरींहि हा विषय निघालाच. पुतण्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. "मी माझ्यासाठीं धांवलों नाहीं," तो म्हणे. "ज्यांना धांवतां येत नाहीं त्यांच्यासाठीं धांवलों. एकत्र कुटुंब तें कशासाठीं?" त्यावर वहिनी एवढेंच म्हणाल्या, "तिच्याकडे धांवणारा कोणी नव्हता." दोघांचेंहि खरें होतें, आणि आम्ही दोघांच्या मध्यें गप्प बसलों. आपल्या माणसांवरील मायेनेंच आपण जागा धरतों; तिचा खर्च मात्र ज्याचें कोणी पुढें धांवलेलें नसतें त्याच्या पदरीं पडतो. बोरिवलीची ती पिशवी आम्हांस त्या दिवशीं फार आठवली.

एअर डेक्कन पुढें दुसऱ्या कंपनींत विलीन झाली. विलायतेंतील ईझीजेटनें २०१२ सालीं व आयर्लंडच्या रायनएअरनें २०१४ सालीं आसनांस आंकडे दिले. साउथवेस्टनेंहि २७ जानेवारी २०२६ पासून पन्नासांहून अधिक वर्षांची रीत सोडली. तेथेंहि म्हणे लोक शेजारच्या आसनावर सामान ठेवून आप्तांची वाट पाहत, आणि कंपनी ह्या वादांत कोणत्याच बाजूनें नियम करीत नसे. आंकडे आले आणि तंटा मिटला खरा. परंतु पुष्कळ कंपन्यांत आतां खिडकीचें किंवा लगतचें आसन निवडावयाचें तर निराळे पैसे मोजावे लागतात. पुतण्याचे पाय गेले आणि त्या जागीं पाकीट आलें. त्या तरुण बाईच्या दृष्टीनें ह्यांत किती सुधारणा झाली, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

बोरिवलीसहि बदल झाला आहे. २०१७ च्या नाताळाच्या दिवशीं पहिली वातानुकूलित उपनगरी गाडी बोरिवलीहूनच चर्चगेटास निघाली. तिचीं दारें गाडी थांबल्यावरच उघडतात, खिडक्या बंद असतात. चालत्या गाडींत उडी नाहीं आणि गजांतून रुमालहि नाहीं. दार उघडलें कीं मात्र जें होतें तें जुनेंच.

साध्या गाड्या अजून अधिक आहेत. परवां आम्ही फलाटावर उभे असतां एका तरुणानें धांवतां धांवतां खिडकींतून रुमाल फेंकला. नेम चुकला, रुमाल बाकाच्या कडेस लागून खालीं पडला. आंत आधींच शिरलेल्या एका गृहस्थांनीं तो उचलला, झटकला, बाकावर नीट पसरून ठेवला आणि आपण शेजारीं कडीस धरून उभे राहिले.