संघ उभा राहतो प्रवेशाआधीच

महाविद्यालयाच्या संघासाठी खेळाडू हेरणे, त्यांच्या पालकांशी बोलणे, प्रवेश करून देणे आणि पुढे त्यांना टिकवून धरणे ही सगळी कामे छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडीच्या परिसरात एकाच माणसाकडे असतात. तो म्हणजे क्रीडा संचालक. अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये याच कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. तिथे प्रत्येक प्रशिक्षकाला आपापला भूभाग नेमून दिलेला असतो, सामन्यांचे चित्रण पाहून मुलांची प्रतवारी करणारी माणसे वेगळी, भेटीला आलेल्या कुटुंबांची बडदास्त ठेवणारी वेगळी. शेवटचा शब्द मुख्य प्रशिक्षकाचा. शिष्यवृत्त्यांचा मोठा पैसा पणाला लागलेला असतो, म्हणून एवढा फौजफाटा.

इथला संचालक या फौजेची उणीव ओळखीपाळखीने भरून काढतो. गावोगावचे पीटीचे सर, जुने खेळाडू आणि जत्रेतल्या कबड्डीचे पंच हे त्याचे बिनपगारी हेर. यांतही पीटीच्या सरांचा शब्द सर्वांत मोलाचा, कारण त्यांनी पोराला हरलेल्या सामन्यानंतरही पाहिलेले असते. प्रवेशानंतरची निवड चाचणी बरीचशी उपचारापुरती असते. खरी पारख त्याआधी, शालेय स्पर्धांच्या १७ वर्षांखालील गटात होते. १९ वर्षांखालील गटातली बहुतेक मुले कुठल्या ना कुठल्या कनिष्ठ महाविद्यालयात आधीच स्थिरावलेली असतात. म्हणून औरंगपुऱ्यातील सरस्वती भुवनसारख्या, शाळेपासून पदवीपर्यंत सलग चालणाऱ्या संस्थेला खेळाडू घरच्या घरी तयार करता येतो. इतरांना तो जालना, बीड, धाराशिवकडून आणावा लागतो.

शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची रीत निराळी आहे. तिथे लहान वयातच ३० मीटर धाव, शटल रन, मेडिसिन बॉल फेक, उभी उडी अशा चाचण्यांचे गुण मोजतात. त्यातून शरीर कळते. चढाईला गेलेला पोरगा कोपऱ्यात सापडल्यावर काय करील, हे मात्र कळत नाही.

पालकांचा पहिला प्रश्न बहुधा नोकरीचा असतो. राज्य शासनाच्या भरतीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि फी-सवलत किंवा वसतिगृहापेक्षा त्याचेच वजन जास्त पडते. संचालकाने इथे जपून बोलावे. आरक्षण ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतील कामगिरीलाच मिळते, नुसत्या संघातल्या जागेला नाही.

या साऱ्याची नोंद बहुतेक ठिकाणी संचालकाच्या मोबाइलमध्येच असते. तो निवृत्त झाला की नवा माणूस पीटीच्या सरांचे नंबर गोळा करण्यापासून सुरुवात करतो.