पोटमाळ्यावरचें बिऱ्हाड

कौलारू घरांत राहणाऱ्यानें आपल्या डोक्यावर आणखी कोणाचा तरी संसार चाललेला आहे हें गृहीतच धरावें. उंदीर, पाली, चिमण्या यांची आम्हांस संवय होती. परंतु दोन वर्षांपूर्वीं आमच्या कोकणांतल्या घराच्या पोटमाळ्यावर खारीनें बिऱ्हाड केलें आणि घरांत दोन पक्ष पडले.

मातोश्रींचा पक्ष रामाचा. सेतु बांधतांना वाळूचे कण आणणाऱ्या खारीच्या पाठीवरून प्रभूंनीं बोटें फिरविलीं, तेव्हां तिला हांकलणें पाप. ही कथा वाल्मीकींच्या रामायणांत नाहीं, असें आम्हीं एकदां सुचवून पाहिलें. "वाल्मीकींत नसेल, खारीच्या पाठीवर तर आहे ना?" असें उत्तर मिळालें. (उत्तर भारतांतल्या खारीला पांच पट्टे असतात, तिकडे प्रभूंनीं सबंध पंजा फिरविला असावा.)

दुसरा पक्ष धाकट्या बंधूंचा. एके दुपारीं त्यांनीं शिडी लावली, वळचणीजवळचें फुटकें कौल बदललें, फटी सिमेंटनें लिंपल्या, आणि हात धुऊन ते जेवावयास बसले. इतक्यांत खार छपरावर आली. तिचा तो चिरका आवाज सर्वांच्या परिचयाचा आहे. पण त्या दिवशीं तो संध्याकाळपर्यंत थांबला नाहीं. कौलांवरून धांवे, लिंपलेल्या जागीं नखें घांशी, आंब्यावर जाई, पुन्हां येई. दिवेलागणीस माळ्यावरून अगदीं बारीक चूं-चूं ऐकूं आलें. "अरे, पिल्लें आहेत रे आंत," एवढेंच थोरल्या काकू म्हणाल्या, आणि त्या रात्रीं पानावर बसल्या नाहींत. बंधूंनीं कांहीं न बोलतां विजेरी घेतली.

आम्हीहि मागोमाग चढलों. जुन्या गाद्यांच्या ढिगामागें काथ्या, कापूस आणि मातोश्रींच्या लुगड्याच्या चिंध्या यांचें घरटें; आंत डोळे न उघडलेलीं तीन पिल्लें; आणि घरट्यास लागून विजेची तार, तिच्यावरचें वेष्टण टीचभर कुरतडलेलें. उघडें तांबें आणि कापूस यांत दोन बोटांचेंहि अंतर नव्हतें. खालींच गोठ्यांतला पेंढा. रामाच्या पक्षालाहि त्या वेळीं बोलवेना. त्या बाजूची वीज आम्हीं बंद केली, ओलें सिमेंट खरवडून कौल पुन्हां काढून ठेविलें. उजाडतांच खार आंत गेली.

खारीचें तारेशीं वैर नसतें. तिचे पुढचे दांत आयुष्यभर वाढत असतात. ते झिजविण्यासाठीं तिला कुरतडावेंच लागतें, मग तें लांकूड असो, नारळ असो कीं तार. विष घालावें तर ती छपरांतच मरून पडते व दुर्गंधी घराला. फट बुजविणें हाच उपाय खरा. आमची चूक झाली ती वेळेची. पिल्लें आपलीं आपण बाहेर हिंडूं लागेपर्यंत आम्हीं कांहीं आठवडे थांबलों. मग फटींत कागदाचा बोळा कोंबला. दोन दिवस तो जागचा हलला नाहीं, तेव्हां अर्ध्या इंचाहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी ठोकली. लांकडाची फळी ती सहज पोखरते. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास काढला. तीं कौलें एकमेकांत खांचांनीं अडकतात, म्हणून मधल्या छपरांत खारीला वाट मिळत नाहीं. वाट मिळते ती वळचणीच्या कडेला आणि फुटक्या कौलांतून; तेव्हां पावसापूर्वीं कौलें चाळणें आलेंच. तारा लोखंडी नळींत घातल्या. छपरावर आलेली आंब्याची फांदी सहा-सात हात मागें छाटली. याचें मात्र बंधूंस अधिक वाईट वाटलें, कारण पहिला आंबा तीवर येई.

मातोश्रींनीं एक अट घातली : घरट्यांतल्या चिंध्या फेंकावयाच्या नाहींत. त्या आंब्याच्या बेचक्यांत खोंचून ठेविल्या. आठवड्याभरांत निम्म्या नाहींशा झाल्या.