उलटून पाहिलंस का?

"सोर्स आणि डिटेक्टरची अदलाबदल करून पाहिलीस का?" बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मी तिला तपासायला सांगितलं होतं." पीएचडीच्या तिसऱ्या वर्षीचा प्रोग्रेस सेमिनार होता तो. डिग्री मिळाली, नोकरी लागली, तरी ते वाक्य मला अजून टोचतं.

सिलिकॉनच्या चिपवर प्रकाश केसाहून कितीतरी बारीक वाटांनी नेतात, त्यांना वेव्हगाइड म्हणतात. वाटेत सांधा आला, कड आली की थोडा प्रकाश मागे फिरतो. तो लेसरमध्ये शिरला की लेसर बिथरतो. म्हणून लेसरच्या तोंडाशी एकतर्फी दार हवं, त्याला आयसोलेटर म्हणतात. टेबलावरच्या प्रयोगात ते असतं: बोटाएवढी नळी, आत गार्नेटचा स्फटिक, भोवती चुंबक. चिपवर ते बसवणं महाकठीण, कारण गार्नेटची स्फटिकरचना सिलिकॉनशी जुळत नाही आणि तापवल्यावर दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत. मग चुंबकाशिवाय, नुसत्या आकाराच्या जोरावर प्रकाश एकाच दिशेने सोडता येईल का, हा माझा विषय.

आमच्या विहिरीतला फुटव्हॉल्व्ह बाबा दर उन्हाळ्यात उघडायचे. जाळीत अडकलेला पाला काढायचा, आतली झडप बोटाने वरखाली करून बघायची. झडप नीट बसली नाही की पाइपातलं पाणी उतरतं आणि मोटर हवा ओढते. माझ्या पहिल्या स्लाइडवर त्याच फुटव्हॉल्व्हचा फोटो होता. तुझ्या डिझाइनमध्ये झडप कुठे आहे, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

माझ्या डिझाइनला आम्ही 'डायोड' म्हणायचो. ते असं होतं: डावीकडे 450 नॅनोमीटर रुंदीचा वेव्हगाइड, उजवीकडे दीड मायक्रोमीटरचा, मधे भोकांची नक्षी. भोकं कुठे आणि केवढी ठेवायची, ते कम्प्युटरने पुन्हा पुन्हा मोजून ठरवलं. डावीकडून सोडलेला प्रकाश 80 टक्के पार, उजवीकडून सोडलेला जेमतेम 2 टक्के. म्हणजे 16 डेसिबलचा फरक. सरांनी त्या चित्राची रंगीत प्रिंट काढून केबिनच्या दारावर लावली. मी त्याच रात्री घरी फोन करून सांगितलं.

सेमिनारनंतर जेवायला न जाता मी लॅबमध्ये गेले. रुंद वेव्हगाइडमध्ये प्रकाश अनेक तऱ्हांनी राहू शकतो. पहिल्या तऱ्हेत मधोमध एकच उजळ पट्टा, दुसरीत शेजारी शेजारी दोन. यांना मोड म्हणतात. डावीकडून आलेल्या 80 टक्क्यांतले 78 टक्के उजवीकडे दुसऱ्या मोडमध्ये निघत होते, पहिल्यात फक्त 2. आणि उलट दिशा तपासताना मी उजवीकडून केवळ पहिला मोड सोडत आले होते. त्याचे 2 टक्केच जाणार, सरळ दिशेनेही तेवढेच येत होते. आता दुसरा मोड सोडला. सिम्युलेशनला चाळीस मिनिटं लागायची. मी खुर्चीतून उठले नाही. आकडा आला 78. दशांशानंतरचे दोन आकडेसुद्धा तेच. म्हणजे पुढच्या कडेवर आपटलेला प्रकाश दुसऱ्या मोडमध्ये परतला, की माझ्या 'डायोड'मधून थेट लेसरच्या तोंडात.

नियम जुना आहे, लॉरेंट्झचा. पदार्थाचे गुणधर्म प्रकाशाच्या तीव्रतेने किंवा वेळेनुसार बदलत नसतील आणि चुंबकाचा हात नसेल, तर आकार कसाही कोरा, एका मोडमधून दुसऱ्यात जाणं आणि तिथून परत येणं सारखंच. साखरेच्या पाण्यातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरते, पण परतीला उलगडते. फॅरेडेने 1845 मध्ये चुंबकाने ती फिरवून दाखवली. तशी फिरवलेली दिशा परतीला उलगडत नाही, आणखी तेवढीच फिरते. जाताना 45 आणि परतताना 45 मिळून 90 अंश, आणि एकाच दिशेचं कंपन सोडणाऱ्या, निघतानाच्या गाळणीवर प्रकाश अडतो. झडप ही अशी असते.

हे मला ठाऊक असायला हवं होतं. 2011 मध्ये 'सायन्स'मध्ये सिलिकॉनच्या अशाच एका रचनेवर लेख आला आणि पुढच्याच वर्षी तिथेच त्यावर आक्षेप छापला गेला. 2013 मध्ये अनेक शास्त्रज्ञांनी मिळून 'नेचर फोटॉनिक्स'मध्ये आयसोलेटर कशाला म्हणावं आणि कशाला नाही, ते लिहून ठेवलं. तो लेख माझ्या संदर्भसूचीत होता. मी फक्त वरवर चाळला होता.

पण सरांचं वाक्य! चूक दोघांची होती, प्रिंट त्यांच्या दारावर होती. "आम्ही तपासलं नाही" एवढंच म्हणाले असते तर माझं काही गेलं नसतं, त्यांचंही नाही. खोलीतले सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, सांगूनही न ऐकणारी मुलगी म्हणून. सर खोटं बोलतायत असं तिथे म्हणणं शक्य नव्हतं. पुढची दोन वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. विद्यार्थ्यांना माझं एकच सांगणं: 'डायोड' हा शब्द आधी सोडा. सगळे मोड, दोन्ही दिशा, पूर्ण तक्ता मांडल्याशिवाय कुठलंही चित्र कुणाच्या दारावर लागू देऊ नका.

त्या रागात माझी मतंही टोकाची झाली. चुंबक लावा, नाहीतर पदार्थाचे गुणधर्म वेळेनुसार हलवा, बाकी सगळी धूळफेक, असं मी म्हणत असे. पुढे सिलिकॉन नायट्राइडच्या इवल्या कड्यांनी मला ते मागे घ्यायला लावलं. लेसरचा प्रकाश अशा कड्यात स्वतःसाठी रेझोनन्स (कड्यात घुमू शकणारी तरंगलांबी) जेवढा सरकवतो, त्याच्या दुप्पट उलट येणाऱ्यासाठी सरकवतो. पुढे जाणारा जातो, मागे येणाऱ्याला जागा सापडत नाही. चुंबक नाही, वेगळा वीजपुरवठा नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद घेऊन तो दुपटीचा हिशेब स्वतः मांडून बघितला होता.

गेल्या दिवाळीत घरी माळ्यावरच्या खोक्यात जुनी वही सापडली. भोकांची पहिली नक्षी काढली होती त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलंय, 'रिव्हर्स? ऑल मोड्स?' अक्षर सरांचं. तो दिवस मला आठवतो. चिप बनवायला पाठवायची तारीख जवळ आली होती आणि बोलणं सगळं त्याबद्दलच झालं होतं. या शब्दांबद्दल एक अक्षरही निघाल्याचं आठवत नाही. कडेला लिहिणं म्हणजे सांगणं का? ते पान मी कितीदा उलटलं असेन, मला दिसलं असणारच. भरल्या खोलीत त्यांनी तसं बोलायला नको होतं, हे मी आजही म्हणते. पण 'सरांनी मला कधीच सांगितलं नाही' हे मी इतक्या वर्षांत किती जणांना सांगितलंय. त्यांच्याकडे परत जाऊन आता काय सांगू? वही परत खोक्यात टाकली नाही. माझ्या ऑफिसच्या खणात आहे.