काच लावतोय हां!

उज्जैनला जायचं हे आईचं फार वर्षांचं मनात होतं. अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी, म्हणजे एका शेणव्याने, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. "आपल्याच माणसाने बांधलेलं देऊळ, एकदा बघून येऊया" एवढंच तिचं म्हणणं. इंदूरहून गाडी भाड्याने घेतली. ड्रायव्हरशेजारी मी, माझ्या मागे खिडकीपाशी आई आणि तिच्या पलीकडे बायको व लेक.

दर्शन आटोपून संध्याकाळी फ्रीगंजमधल्या टावर चौकात आलो. मधोमध घड्याळाचा मनोरा, भोवती दुकानं आणि खाण्याच्या गाड्या. माळव्यात येऊन मक्याचा कीस नाही खाल्ला तर काय केलं? ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. मुलगा द्रोण घेऊन खिडकीशी आला. आईने पैसे द्यायला हात बाहेर काढला. माझी काचही उघडीच होती आणि समोरच्या टेम्पोचा धूर सरळ तोंडावर येत होता. म्हटलं, आपली काच लावूया.

तर दारावर बटणच नाही! त्या गाडीत चारही काचांची बटणं दोन सीटांच्या मधे, गियरच्या मागे होती. मी मनोऱ्याचं घड्याळ बघत बघत चाचपून एक बटण दाबलं, आणि दाबूनच ठेवलं. माझी काच हलेना. मागून आवाज आला, "पुता, हात म्हजो!"

वर जात होती ती आईची काच. खरा गोंधळ तर पुढेच झाला. बोट उचललं असतं तरी काच थांबली असती. पण मी घाबरून बटण उलटं दाबायला गेलो आणि पुन्हा तेच दाबलं. काच वर-खाली जाते, बटण मात्र आडवं, पुढे-मागे हलणारं. पुढे म्हणजे वर की मागे म्हणजे वर? त्या क्षणी मला ते सुचेना. शेवटी ड्रायव्हरने माझा हात झटकून काच खाली घेतली.

मनगट वाचलं ते हातातल्या सोन्याच्या पाटलीमुळे. गोल पाटली चेपून लांबट झाली होती. मनगटावर लाल-निळा वळ. बायकोने बर्फ आणला. आई म्हणाली, "कीस थंड होतो, खा आधी." मला घास गिळवेना.

घरी आल्यावर मी या बटणांच्या मागेच लागलो. (आर्ट्सचा पदवीधर, दुसरं काय करणार!) बटणं मधे ठेवण्याचं कारण साधं आहे. डाव्या आणि उजव्या, दोन्ही स्टिअरिंगच्या गाड्यांना तीच जागा चालते, वायर कमी लागते, पैसे वाचतात. अमेरिकेत लहान मुलांचा गुडघा चुकून बटणावर पडून काचा वर गेल्या आणि मुलं दगावली. म्हणून २००४ साली तिथे नियम आला की असा चुकून भार पडला तर काच वर जाता कामा नये. २००५ च्या कायद्याने आणखी पुढची अट घातली. बटण वर किंवा बाहेर ओढलं तरच काच वर जावी. वर ओढायच्या बटणात हाताची दिशा आणि काचेची दिशा एकच. टावर चौकात मला नेमकं तेच मिळालं नव्हतं.

आणखी एक गोष्ट कळली ती मनाला लागून राहिली. काचेला अडथळा लागला तर ती आपोआप उलटी फिरेल अशी सोय असते. नियमाने ती जिथे सक्तीची आहे तिथे जोराची मर्यादा शंभर न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दहा किलोचा भार. पण बटणावर बोट दाबून धरल्यावरच जी वर जाते, तिला तिथल्या नियमात ही सक्ती नाही. कारण काय? बोट ठेवणारा माणूस बघत असणार, असं गृहीत धरलेलं आहे. आणि मी बघत होतो मनोऱ्याचं घड्याळ.

आमच्या जुन्या मारुती ८०० ला काचेचं हँडल होतं. फिरवून फिरवून हात दुखायचा. फेरीबोटीत गाडी चढली की वडील सांगायचे, "काचा खाली करा रे", आणि आम्ही भावंडं चढाओढीने हँडल फिरवायचो. पण त्या हँडलला एक गुण होता. काचेत काही अडकलं तर ते फिरवणाऱ्याच्या हाताला कळायचं. दुसऱ्याचं दुखणं आपल्या मनगटापर्यंत यायचं. बटणाला ते नाही. आईचा हात चेपत होता तेव्हा माझ्या बोटाखाली काहीच वेगळं लागलं नाही. नुसतं मऊ प्लास्टिक.

हल्ली सनरूफमधून मुलांना उभं करायची हौस आपल्याकडेही आली आहे. मिरामारला संध्याकाळी बघा. मूल छपराबाहेर, बटण आरशापाशी आणि बटण दाबणाऱ्याची नजर रस्त्यावर. आता ते बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. एकदा एका गृहस्थांना सांगायला गेलो, तर "अहो, ऑटोमॅटिक आहे" म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं. मी तरी टावर चौकाच्या आधी काय वेगळं केलं असतं?

पाटली सोनाराकडे नेऊन सरळ करून आणूया, असं मी आईला दोनदा म्हटलं. "राहू दे, हातात जाते ना" म्हणाली. आमच्या घरात मात्र एक नवा रिवाज सुरू झाला आहे. गाडीत कुणीही बटणाला हात लावण्याआधी मागे वळून मोठ्याने सांगायचं, "काच लावतोय हां!" आणि मागून आईचं "लाव" येईपर्यंत थांबायचं.